दोणीपाशी

गुहागर तालुक्यातलं आमचं घर वर्षातले नऊ महिने कुलपात असतं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी आणि हे एप्रिलच्या मध्यावर तिकडे जातो, आंब्याचं आटोपतो, पहिला पाऊस अंगावर घेतो आणि पुण्याला परततो. यंदा बरोबर नातू होता. वय साडेतीन. त्याच्या आईबापांना रजा नव्हती, म्हणून तीन आठवडे तो आमच्या स्वाधीन. सोबत एक भलीमोठी पिशवी आली होती. तिच्यात लाकडी कोडी, अक्षरांची कार्डं, प्लास्टिकचे रंगीत आकडे आणि सूनबाईची सूचना, "आई, रोज अर्धा तास तरी त्याला घेऊन बसा."

पिशवी दुसऱ्या दिवशी उघडली आणि चौथ्या दिवशी माळ्यावर गेली. मधल्या काळात त्याला दोण सापडली होती.

विहिरीच्या कठड्याला लागून ही दोण आहे. अखंड काळ्या दगडात कोरलेली, अडीच हात लांब, जेमतेम वीतभर खोल. पूर्वी गुरांना पाणी पाजायला होती. गुरं गेली, रहाट गेला, पंप आला. दोण राहिली, कारण ती हलवायची कुणाची ताकद नाही. पंप चालू केला की नळीतून आधी दोणीत पाणी पडतं आणि दोण भरली की पाटाने पोफळीच्या आळ्यांत जातं.

पहिल्या दिवशी तो तिथे एक तास होता. हातात देवघरातून पळवलेलं फुलपात्र. दोणीतून भरायचं, पायरीवर ओतायचं, पाणी खाली ओघळत जातं ते वाकून बघायचं, पुन्हा भरायचं. एवढंच. हे ओसरीवरून ओरडले, "काय चाललंय रे?" त्याने मान वर न करता उत्तर दिलं, "काम."

मी एकतीस वर्षं गणित शिकवलं. माझ्याच्याने हे बघवेना. दुसऱ्या दिवशी खुर्ची घेऊन शेजारी जाऊन बसले आणि सुरू झाले, "किती फुलपात्रं झाली रे सोन्या? मोज बघू माझ्याबरोबर. एक... दोन..." त्याने फुलपात्र खाली ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि मांजराच्या मागे निघून गेला. संध्याकाळी पुन्हा प्रयत्न केला. "बादली मोठी की तांब्या मोठा?" पुन्हा मांजर. तिसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मी प्रश्न विचारला रे विचारला की खेळ संपतो. मग वालाच्या शेंगांची परात मांडीवर घेतली आणि गप्प बसायचं ठरवलं. ज्यांनी आयुष्यभर शाळेत शिकवलंय त्यांनाच कळेल, गप्प बसणं ही काय शिक्षा असते.

पण त्यामुळे डबा बघायला मिळाला.

गोठ्याच्या मागे त्याला पत्र्याचा एक जुना डबा सापडला. बुडाशी गंजून तीन भोकं पडलेली. ह्यांनी त्याच्या कडा ठोकून बोथट करून दिल्या. पोराने डबा दोणीच्या काठावर ठेवला आणि तांब्याने भरायला घेतला. तीन चिळकांड्या उडाल्या. त्याने एका भोकावर बोट ठेवलं, दोन उरल्या. दुसऱ्या हाताचं बोट ठेवलं, एक उरली. पण आता तांब्या धरणार कोण? "आजी, तू धर." त्या आठवड्यात माझी नेमणूक बोट म्हणून झाली होती. पुढे बोटाची बदली चिखलाने केली. चिखल विरघळला. जास्वंदीचं पान लावलं, ते चिकटलं आणि घसरलं. शेवटी चिंध्यांचे बोळे बसले. ते बसल्यावर डबा भरला, आणि भरलेल्या डब्यात त्याला काडीचाही रस उरला नाही. बोळे त्याने स्वतःच उपटून फेकले.

मग दुसराच उद्योग सुरू झाला. भोकं उघडी ठेवून डबा भरायचा. हळूहळू ओतलं तर पाणी बुडाशीच राहतं. भराभर ओतलं तर वर चढतं. पण कितीही घाई केली तरी एका रेषेच्या वर काही जात नाही. तिथपर्यंत येतं आणि चिळकांड्या लांब लांब जायला लागतात. ओतणं थांबवलं की पाणी उतरतं, चिळकांड्याही आखडत आखडत शेवटी डब्याच्या अंगावरूनच ओघळायला लागतात. हे त्याने किती वेळा केलं असेल? मी दीड शेर शेंगा सोलल्या. अखेर दमून पायरीवर बसला आणि मला गंभीरपणे सांगितलं, "आजी, डबा भरला ना, की जास्त शू करतो."

मी हसले. हसता हसता हातातली शेंग हातातच राहिली.

हौदाची गणितं तुम्हीही केली असतील. एक नळ हौद चार तासांत भरतो, दुसरा नळ भरलेला हौद सहा तासांत रिकामा करतो, दोन्ही नळ एकदम सोडले तर हौद किती तासांत भरेल? एक चतुर्थांश वजा एक षष्ठांश, म्हणजे एक द्वादशांश. उत्तर बारा तास. माझ्या हयातीत हे गणित मी किती फळ्यांवर लिहिलं असेल त्याला हिशेब नाही. एवढ्या वर्षांत त्यावर एकाच मुलाने शंका काढली होती, "बाई, दुसरा नळ बंद का करत नाहीत?" मी त्याला खाली बसवलं होतं.

खरी शंका कुणी काढलीच नाही, मीसुद्धा नाही. त्या गणितात दुसरा नळ हौद भरलेला असो की तळाला गेलेला, एकाच वेगाने पाणी सोडतो. असं कुठे असतं? भोकातून पाणी किती जोराने बाहेर पडणार ते वर पाणी किती उभं आहे त्यावर ठरतं. टॉरिचेली नावाच्या इटालियन माणसाने सतराव्या शतकात हे सूत्रात मांडलं. गॅलिलिओच्या अखेरच्या महिन्यांत त्याच्याजवळ राहिलेला तो हाच. पाण्याची उंची चौपट झाली तर धारेचा वेग दुप्पट होतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, पण ते विज्ञानाच्या तासाला. गणिताच्या तासाला हौदातलं पाणी वेगळं असायचं.

त्या रात्री दिव्याखाली बसून कॅलेंडरच्या मागच्या महिन्याच्या पानामागे हिशेब मांडला. सरळ भिंतींचा हौद, तळाशी भोक, भरलेला असताना सहा तासांत रिकामा होणारा. तो अगदी काठोकाठ असताना त्याच्या गळण्याचा वेग सरासरीच्या दुप्पट निघतो, म्हणजे तासाला एक तृतीयांश हौद. वरून भरतंय तासाला एक चतुर्थांश. म्हणजे माझा हौद बारा तासांत काय, जन्मात भरला नसता. सोळापैकी नऊ भागांपर्यंत पाणी चढलं असतं आणि तिथेच अडलं असतं, डब्यात अडत होतं तसं. हे झोपले होते. मी त्यांना उठवून सांगितलं. "बरं," म्हणाले आणि कूस बदलली.

आता कुणी म्हणेल, साडेतीन वर्षांच्या पोराला टॉरिचेली कळला. छे. त्याला काहीही कळलेलं नाही अशा अर्थाने, आणि मी ते त्याच्या तोंडी घालणारही नाही. त्याच्या हाताला मात्र एक गोष्ट पक्की माहीत झाली आहे की भरलेलं जास्त गळतं. पुढे दहा-बारा वर्षांनी कुणी बाई किंवा सर फळ्यावर ते सूत्र लिहितील तेव्हा ते टेकायला त्याच्याकडे जागा असेल. माझ्या वर्गातल्या मुलांकडे ती जागा नव्हती. एक लिटर म्हणजे एक हजार घनसेंटिमीटर हे सगळ्यांना पाठ असायचं आणि सोसायटीच्या टाकीचं घनफळ चार लिटर असं उत्तर लिहून मुलं शांतपणे त्याखाली दोन रेघा ओढायची. चार लिटरची टाकी! बाळाच्या अंघोळीलाही पुरायची नाही. पण त्यांनी कधी लिटरभर पाणी हातात तोलून धरलेलं नव्हतं, त्याला किलोभर वजन असतं हे दंडाला कळलेलं नव्हतं. दोष त्यांचा नव्हता.

जाँ पियाजे ह्या स्विस मानसशास्त्रज्ञाचा पाण्याचा प्रयोग डी.एड., बी.एड. केलेल्या प्रत्येकाने परीक्षेत लिहिलेला असतो. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी. मुलाला विचारायचं, सारखं आहे ना? हो. मग त्याच्यादेखत एका पेल्यातलं पाणी उंच, अरुंद पेल्यात ओतायचं. आता? साधारण सहा-सात वर्षांखालची मुलं म्हणतात, उंच पेल्यात जास्त. मी हा प्रयोग पाच गुणांसाठी लिहिला होता, करून कधी पाहिला नव्हता. कैरीचं पन्हं केलं होतं, तेव्हा केला. अपेक्षेप्रमाणे त्याने उंच पेला ओढला. "अरे सोन्या, दोन्हीत सारखंच आहे. हे बघ, परत ओतते." परत ओतून दाखवलं. "सारखं ना?" "हो." "मग आता उंचात ओतलं तर?" "सारखं." शाबास म्हणून मी पाठ थोपटली, आणि त्याने हात लांब करून उंच पेला घेतला. तोंडी उत्तर बरोबर, व्यवहार चूक. माझ्या अर्ध्या वर्गाचं हेच होतं, त्यामुळे मला परकं वाटलं नाही.

पाण्याच्या खेळाबद्दल लोक लिहितात तेव्हा हाताच्या स्नायूंबद्दल, डोळा आणि हाताच्या मेळाबद्दल लिहितात. ते खरंच आहे. ओलं फडकं पिळताना त्याची मनगटं कशी उलटसुलट फिरायची ते मी बघत होते, आणि पेन्सिल धरायला लागते ती बोटांतली ताकद ह्यातूनच येते. मॉंटेसोरीबाईंच्या पद्धतीत एका भांड्यातून दुसऱ्यात न सांडता पाणी ओतणं हा रीतसर धडाच असतो. पण मला त्याहून गंमत वाटली ती शब्दांची.

पुण्याहून येताना पोराकडे पाण्यासाठी तीनच शब्द होते. पाणी, ओलं आणि 'स्प्लॅश'. आठवड्यात त्याच्याकडे चिळकांडी आली, कारण चिळकांडी त्याच्या डोळ्यात गेली. ओघळ आला, बुडबुडा आला, शिंतोडे आले (ह्यांच्या वर्तमानपत्रावर आले, म्हणून तो शब्द जरा चढ्या आवाजात आला). मेच्या पहिल्या आठवड्यात वळवाचा पाऊस झाला, कौलांवरून पागोळ्या गळायला लागल्या आणि तो एकेका पागोळीखाली तांब्या, वाटी, करवंटी मांडत धावत सुटला. प्रत्येकीचा आवाज वेगळा. पागोळी हा शब्द मी त्याला शिकवला नाही. मी नुसतं म्हटलं, "अरे, ती पागोळी मोठी आहे, तिकडे लाव," आणि शब्द जाऊन बसला. गढूळ पाणी पातेल्यात झाकून ठेवलं होतं, सकाळी झाकण काढलं तर वर पाणी स्वच्छ आणि तळाला मातीचा थर. "निवळलं," मी म्हटलं. तो म्हणाला, "झोपलं म्हणून निवळलं." ढवळलं, पुन्हा गढूळ. "उठलं." मला ह्यात दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही.

आणि मापं. घोट, चूळ, ओंजळ, तांब्या, कळशी, हंडा. आपल्या भाषेत पाण्याची मापं तोंडापासून आणि हातापासून सुरू होतात हे माझ्या तरी आधी लक्षात आलं नव्हतं. तो तासन्‌तास ओंजळीने दोणीतलं पाणी बादलीत नेत होता. निम्मं वाटेत. एकदा माझी ओंजळ भरून घेतली, मग स्वतःची, आणि दोन्ही बादलीत ओतून म्हणाला, "आजीची ओंजळ जास्त येते. आजोबांची बघू." आजोबांची सगळ्यात मोठी निघाली, पण गळकी. बोटांत फटी.

मेच्या मध्यावर आंब्याची शेवटची काढणी होती. आमच्याकडे काढणीला येणारे भाऊ झाडावरून झेल्याने आंबे उतरवतात आणि शंका आली की पाण्याच्या बादलीत टाकून बघतात. तयार हापूस बुडतो, कोवळा तरंगतो. तयार फळ पाण्यापेक्षा किंचित जड असतं, कोवळं हलकं, एवढाच त्यातला भेद. पण चाळीस वर्षं आंब्यात हात असलेला माणूसही शंकेच्या फळाला पाण्यालाच विचारतो. आमचा नातू त्या दिवशी तपासनीस झाला. भाऊ आंबा देणार, हा तो अलगद सोडणार आणि निकाल सांगणार, "बुडला!" "तरंगला!"

सुरुवातीला त्याचा हिशेब सरळ होता, मोठं ते बुडणार. मग एक थोराड आंबा तरंगला आणि त्याच्या पाठोपाठ एक लहानसा तळाला गेला. तो जरा चमकला. लहान आंबा काढून पुन्हा टाकला. पुन्हा तळाला. मग तो कुणाला न सांगता उठला आणि पडवीतून नारळ घेऊन आला, सोललेला नव्हे, सबंध, दोन्ही हातांत पोटाशी धरून. घरातली त्याला उचलता येईल अशी सर्वांत जड वस्तू. धपकन बादलीत. भाऊंच्या तोंडावर पाणी. नारळ तरंगतोय. त्याने दोन्ही हातांनी दाबला. सोडला की वर. पुन्हा दाबला, कोपरापर्यंत हात बुडवून, ओठ घट्ट मिटून. वर. "हा ऐकतच नाही," तो म्हणाला, रडकुंडीला आला होता. भाऊ मिशीतले थेंब पुसत म्हणाले, "वहिनी, त्याला काही सांगू नका हो. बघू दे."

मी सांगणारच होते. घनतेची व्याख्या जिभेवर आलेली होती.

तो गेल्यावर, जून उजाडताना, शेजारच्या अंगणात भाताचं बी पेरणीआधी मिठाच्या पाण्यात टाकलं. दहा लिटर पाण्याला तीनशे ग्रॅम मीठ. पोचट दाणे वर येतात, ते काढून टाकायचे, तळाला राहिलेलं बी साध्या पाण्याने धुऊन पेरायचं. हे त्याला दाखवायचं राहून गेलं ह्याची मला अजून रुखरुख आहे.

एक प्रसंग सांगायला हवा. दुधाचं पातेलं गॅसवर होतं, ते उतू चाललंय असं वाटलं म्हणून मी धावत आत गेले. अर्धं मिनिट. परत आले तर हा बादलीत डोकं घालून ओणवा, पाय चवड्यांवर. मी ओढून उभा केला. तो दचकला आणि म्हणाला, "आवाज बघत होतो." बादलीत तोंड घालून बोललं की आवाज घुमतो, तो ऐकत होता. त्याला काही झालं नव्हतं. मला पुढची दहा मिनिटं बोलता येत नव्हतं. लहान मूल डोक्याकडून जड असतं. बादलीत तोल गेला तर त्याला स्वतःला बाहेर काढता येत नाही, आरडाओरडाही होत नाही, आणि त्याला चार बोटं पाणी पुरतं. विहिरीवर आमची लोखंडी जाळी आहे, कुलूप आहे. मी विहिरीला भीत होते आणि बादलीला नाही, हा माझा मूर्खपणा. त्या दिवसापासून नियम केला की पाण्याशी तो असेल तर मी हाताच्या अंतरावर. मला आत जायचं असेल तर तोही आत. रडला तरी. खेळ संपला की बादल्या पालथ्या, दोणीचा बोळा काढून पाणी पाटाला. त्याला दुसरंही कारण होतं. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूच्या डासाची पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते.

भिजून सर्दी होईल ही सूनबाईची काळजी रोज रात्री फोनवर यायची. सर्दी झाली नाही. गुडघे मात्र दोनदा फुटले, दोणीच्या पायरीवर शेवाळ होतं म्हणून. ते मी ब्रशने घासून काढायला हवं होतं, पहिल्याच दिवशी.

पुण्यातल्या त्याच्या शाळेत, म्हणजे शाळेच्याही आधीच्या त्या शाळेत, वर्षातून एकदा 'वॉटर डे' असतो. मुलांनी निळे कपडे घालून यायचं. अंगणात प्लास्टिकचे दोन टब, पंचवीसेक मुलं, प्रत्येकाला पाळीपाळीने पाच मिनिटं, फोटो, टॉवेल, घरी. मी गेल्या वर्षी पालकांच्या रांगेत उभी होते. ताईंची काही चूक नव्हती. पंचवीस मुलं आणि दोन बाया, त्या करणार तरी काय? पण आमच्या पोराने त्या पाच मिनिटांत नुसतं टबाकडे बघितलं होतं. हात घालेपर्यंत पाळी संपली. दोणीपाशी त्याला पहिला तास नुसतं ओतायलाच लागला होता हे आठवून मला आता त्या टबाची कीव येते.

ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि मग अनुताई वाघांना बरोबर घेऊन कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षण उभं केलं तेव्हा महागडी साधनं आणायला पैसे नव्हते, आणि आणली असती तरी वारली मुलांना ती परकी वाटली असती. त्यांनी बिया, पानं, शिंपले, खडे घेतले. मुलं शाळेत येईनात तर शाळा मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द त्यातूनच आला. आज अंगणवाडी म्हटलं की आपल्याला खोली आठवते, भिंतीवर फळांची चित्रं असलेली, आणि अंगण तेवढं राहून गेलेलं असतं.

हे सगळं लातूरच्या मैत्रिणीला फोनवर सांगत होते. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "तुझं ठीक आहे बाई, तुझ्या दारात विहीर आहे." मी गप्प झाले. २०१६ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात घरात पोराने पाण्यात हात घातला तर चापट मिळायची. तिची नात तेव्हा चार वर्षांची. पण तिनेच पुढे सांगितलं की डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी एका पातेल्यात जमवायचं आणि ते झाडांना घालायचं काम नातीचं होतं. एक तांब्या जास्वंदीला, एक कढीलिंबाला, उरलं तर तुळशीला. पातेल्यात तांबे किती निघणार हे पोरगी नुसतं बघून सांगायची. तिसऱ्या तांब्याला कमी पडणार असं दिसलं तर पहिले दोन आधीच थोडे उणे भरायची, म्हणजे तुळस राहायला नको. "कुणी शिकवलं नाही," मैत्रीण म्हणाली, "तुळस सुकलेली तिला बघवत नव्हती."

मी हे गणित सातवीला समप्रमाण म्हणून शिकवत असे. फार मुलांना यायचं नाही.

नातू पुण्याला गेला त्याला आता महिना होऊन गेला. त्याच्या बाल्कनीत सूनबाईंनी एक छोटा टब ठेवला आहे, खालचे लोक तक्रार करतात म्हणून रविवारीच. परवा व्हिडिओ कॉल आला. फोन कुंडीला टेकवून ठेवला होता. मला त्याचे गुडघे आणि टबाची कड दिसत होती. एका हातात पसरट वाडगा, दुसऱ्यात पाण्याची उंच बाटली.

"आजी, बघ." वाडग्यातलं पाणी बाटलीत ओतलं. निम्मं सांडलं. "मोठं झालं." बाटलीतलं परत वाडग्यात. "बारीक झालं." परत बाटलीत. आता सांडलं थोडं कमी. परत वाडग्यात. मग तो थांबला. बराच वेळ फोनमध्ये नुसते गुडघेच. पाण्याचा आवाज नाही.

"आजी."

"काय रे?"

"पाणी लबाड आहे."

का ते विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मागून सूनबाईंचा आवाज आला, "अरे, खाली गेलं बघ पाणी, आता त्या काकू येतील," आणि पोछ्याची काठी फोनला लागून फोन आडवा झाला. नंतर बराच वेळ मला बाल्कनीचं छत दिसत होतं. आवाज येत होता, बाटलीतून वाडग्यात, वाडग्यातून बाटलीत.